दादासोंच्या सोप्यातून जाणारी लाइन

लालासाहेब मुळीक, म्हणजे आमचे तात्या, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. फौजेला ही बातमी पोचली आहे, तात्यांना अजून पोचायची आहे. त्यांच्या दारातल्या चपला टाचा भिंतीला लावून जोडीनं उभ्या असतात. पाहुण्यांनी वेड्यावाकड्या काढलेल्या चपलाही, आत चहा होईपर्यंत, सावधानमध्ये आलेल्या असतात. फौजेत ते स्टोअरला होते. त्यांच्या काळात लढाई झाली नाही, पण झाली असती तर तिला लागणारा प्रत्येक खिळा मी मोजून दिला असता, असं ते सांगतात. आम्हाला ते खरं वाटतं.

आमच्या आंबेखोपीत त्यांचं घर बरोबर आमच्या दारासमोर आहे. घर म्हणजे निम्मं घर. उरलेलं निम्मं त्यांच्या धाकट्या भावाचं, दादासोंचं. मधे भिंत.

ही भिंत पुढच्या सोप्यात, म्हणजे दारातून आत आल्यावरच्या पहिल्या खोलीत, बरोबर मधोमध घातलेली आहे. इतकी मधोमध, की छताचा पंखा तिच्या डोक्यावर आला आणि काढावा लागला. आता उन्हाळ्यात दोन्ही भाऊ आपापल्या बाजूनं रिकाम्या हुकाकडं बघत घाम पुसतात. पुढची खिडकी दोन दारांची होती. तिचं एक दार इकडं आलं, एक तिकडं गेलं. तात्यांनी आपल्या बाजूला गिलावा करून वर पिस्ता रंग दिला. दादासोंनी विटा तशाच उघड्या ठेवल्या. गिलावा केला म्हणजे भिंत मान्य केली असं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

भांडण रेल्वेवरून झालं. पुणे-मिरज लाइन आमच्या शिवारातून जाते. ती दुहेरी करायची ठरली, तेव्हा मुळिकांच्या उसातली लाइनीच्या कडेची पट्टी त्यात जाणार होती. उतारा दोघांच्या नावावर. तात्या फौजेत होते तेवढी सगळी वर्षं ती जमीन एकट्या दादासोंनी कसली होती, तिथली ढेकळं त्यांना नावानिशी माहीत होती. गावातले बाकीचे शेतकरी अडून बसले होते. आणि जमीन द्यायची संमती घेणारा सरकारी कॅम्प लागला त्या दिवशी तात्या इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या नंबरला जाऊन उभे राहिले आणि थोरला म्हणून दोघांच्या वतीनं होकार देऊन आले. देशाचं काम आहे, त्यात घरी विचारायचं काय, असा त्यांचा सरळ हिशेब. दादासोंना हे कळलं ते उसाला पाणी पाजताना, खुणेचे दगड घेऊन माणसं सरीत येऊन उभी राहिली तेव्हा. त्यांनी खोरं बांधावर टाकलं, घरी आले आणि म्हणाले, "तात्या, इचारायचं तरी हुतं."

तात्या म्हणाले, "इचारून काय येगळं झालं असतं?"

या दोन वाक्यांनंतर गवंडी आला.

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. पुढं कोरोना आला, सरकारनं दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवायला सांगितलं, आणि सगळं गाव गोंधळलं. या घराला मात्र काहीच नवीन करावं लागलं नाही.

त्याच मार्चमध्ये तात्यांचा मुलगा विश्वजीत पुण्याहून येऊन गेला होता. त्याच्या साहेबानं घर बदलताना त्याला एक खोका देऊन टाकला होता. आत परदेशी खेळण्यातली रेल्वे. करंगळीएवढ्या उंचीचं इंजिन, चार डबे, रुळांचे तुकडे आणि एक काळी पेटी. पेटीची पिन बोर्डात घातली की रुळात वीज येते आणि पेटीवरचं बटण फिरवलं की गाडी पळते. फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही म्हणून विश्वजीत खोका गावाकडं टाकून गेला, आणि पुढच्याच आठवड्यात जगातली सगळी रेल्वे बंद पडली.

तात्यांनी खोका उघडला तो फक्त माल तपासून घ्यायला. स्टोअरचा माणूस न तपासता माल ठेवून घेत नाही. तपासायचा म्हणजे रूळ जोडून बघायला पाहिजेत. रूळ जोडले म्हणजे गाडी चालते का बघायला पाहिजे. गाडी चालली. तेव्हा तात्या बराच वेळ मांडी घालून जमिनीवर बसलेले मी आमच्या दारातून बघितले. मांडी घालून बसलेले तात्या मी त्याआधी फक्त पंगतीत बघितले होते.

दुसऱ्या दिवशी ते भरतेशच्या हार्डवेअरच्या दुकानाकडं निघाले. तेव्हा ते शटर गुडघ्याएवढं उघडं असायचं आणि गिऱ्हाईक वाकून खालून माल मागायचं. तात्यांनी वाकून थर्माकोल, फेविकॉल आणि बारीक ब्रश मागितले. भरतेश आतून म्हणाला, "तात्या, लोकं नळाचा वायसर न्हेत्यात, तुमी थर्माकोल. गणपतीला अजून लय येळ हाय."

"सरकारी काम हाय," तात्या म्हणाले.

सरकार म्हणजे ते स्वतः.

त्यांना गोल फिरणारी खेळण्यातली रेल्वे नको होती. त्यांना आमची लाइन पाहिजे होती. आमचं स्टेशन, आमचा ऊस, आमचं फाटक. सुतारानं आधी करून ठेवलेलं एक लांबलचक सागवानी टेबल त्यांनी भिंतीला लावून मांडलं आणि काम सुरू झालं.

आता स्टेशनची इमारत कशाची करणार? त्या उन्हाळ्यात गावातली झाडून सगळी लग्नं पुढं गेली होती, आणि पत्रिका छापून तयार. जाड, गुळगुळीत, कापली की कोर सरळ येणारा कागद. तात्यांनी घरोघरी फिरून त्या गोळा केल्या. लोकांनीही दिल्या, कारण तारीख चुकलेल्या पत्रिकेचं दुसरं काय करणार. स्टेशन उभं राहिलं, वर पिवळा आणि विटकरी रंग बसला. पण दारातून आत डोकावलं तर अजून आतल्या भिंतीवर "आमचे येथे श्रीकृपेकरून" वाचता येतं, आणि तिकीट खिडकीच्या मागं म्हसवडच्या कुणाचं तरी कुलदैवत प्रसन्न आहे.

रुळाखालची खडी म्हणून त्यांनी बांधकामाची कच आणून तीन चाळण्यांतून चाळली. तिसरी चाळण चहाची होती, हे लीलाकाकींना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, चहात खडी आल्यावर कळलं. उसासाठी खराट्याच्या काड्या कापल्या, प्रत्येकीला हिरव्या कागदाची पाती लावली आणि सरीत ओळीनं उभ्या केल्या. दोन सऱ्यांतलं अंतर फुटपट्टीनं. मी म्हटलं, तात्या, आपल्या गावात एवढा सरळ ऊस कुणाचाच नाही. ते म्हणाले, म्हणून तर साखरेचा उतारा पडत नाही. झाडं भांडी घासायच्या हिरव्या घासणीची होती. काकींची घासणी दर चार दिवसांनी लहान होत होती आणि स्टेशनमागची वनराई वाढत होती.

माणसं कणकेची केली. सगळी एका उंचीची, कारण फौजेत भरतीला तसंच लागतं. पहिल्याच रात्रीत उंदरांनी दोन प्रवासी आणि एक हमाल नेला. मग कणकेत हळद आणि कडुनिंबाचा रस घालून नवी माणसं आली. ती जरा पिवळट आहेत, पण टिकली.

हे सगळं झालं, पण गाडीला वळायला जागा नव्हती.

त्याचं असं, की परदेशातले ते वाकडे रूळ कारखान्यात ठरलेल्या वळणाचे. ते आणखी वाकत नाहीत. त्यांना वळायला टेबलाच्या दुप्पट रुंदी लागते. आणि वाटणीनंतर तात्यांच्या वाट्याला आलेला सोपा म्हणजे एक बोळ. त्यातूनच स्वयंपाकघरात जायची वाट. टेबल रुंद करायचं तर ती वाट बंद होत होती. लीलाकाकी तशा काही बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "आवं, टेबल हाय तितकंच ऱ्हाऊ द्या. माज्या घागरीच्या वाटंत रूळ आला तर इंजिन बंबात घालीन."

काकींनी यापूर्वी बंबात काय काय घातलं आहे हे तात्यांना माहीत होतं. त्यांनी तो विषय तिथंच सोडला.

मग गाडी नुसती सरळ रुळावर पुढं जायची आणि तशीच पाठमोरी मागं यायची. पुढं, मागं. पुढं, मागं. आम्हाला ते बरं वाटत होतं. तात्यांना नव्हतं. रजेवर निघालेला जवान पाठमोरा घरी येत नाही, असं ते म्हणाले. या कामात गाडी पुरी फिरून आली नाही, तर त्यांच्या लेखी आजवर केलेलं सगळं, ऊस, स्टेशन, पिवळी माणसं, म्हणजे नुसता पसारा होता.

एके दिवशी ते रूळ जमिनीवर मांडून, त्यांचं वळण खडूनं आखून, खडूच्या रेघेकडं बघत बसले. रेघ भिंतीत घुसत होती. सरळ लाइन इकडं, दोन्ही टोकांची वळणं भिंतीत, आणि परतीची लाइन तिकडं, दादासोंच्या सोप्यात. भिंत मधोमध असल्यामुळं रुळाची वाटणीही निम्मी निम्मी होत होती. दोन भोकं पाडली की गाडी पुरी फिरत होती. फक्त निम्मा वेळ ती दादासोंच्या घरात राहणार होती.

हे विचारायला तात्यांनी मला पाठवलं.

मी कराडला डिप्लोमा केलाय आणि तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम आमच्या ओट्यावर बसून करत होतो, कारण रेंज तिथंच येते. त्यामुळं गल्लीतला कुणीही माणूस मला मोकळा समजायचा. मी गेलो. दादासो उघड्या विटांना पाठ लावून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी तात्यांचा निरोप सांगितला: भिंतीतून रेल्वे न्यायची आहे, हरकत असेल तर कळवावी.

दादासोंनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि हरकती सांगायला सुरुवात केली. खऱ्या रेल्वेला सांगायच्या राहून गेलेल्या सगळ्या हरकती त्यांच्याकडं जपून ठेवलेल्या होत्या. लाइनीमुळं दोन भागांत पडलेल्या रानात बैलगाडी कशी जाणार? मोरी पाहिजे. मोरीत पावसाचं पाणी साठायला नको. फाटक पाहिजे, आणि फाटक लागल्यावर माणसाला थांबायला सावली पाहिजे. आणि प्रकल्पग्रस्ताच्या एका वारसाला नोकरी.

शेवटची मागणी त्यांनी शेंगेकडंच बघत सांगितली. त्यांचा मुलगा शिवतेज आतल्या खोलीत दंड काढत होता. फौजेची भरती बंद होती, पण दंड चालू होते.

मी परत येऊन सगळं सांगितलं. मला वाटलं तात्या चिडतील. ते टेबलाशी गेले आणि कामाला लागले. चार-पाच दिवसांत रुळाखालून बैलगाडी जाईल अशी कमानीची मोरी तयार झाली. तिला पाणी जायला स्ट्रॉचा नळ. फाटकाशी घासणीचं एक चिंचेचं झाड, सावलीला. आणि फाटकावर हिरवा झेंडा घेतलेला कणकेचा एक जवान, दंड जरा जास्तच फुगवलेले. शिवतेजला रेल्वेत चिकटवलं होतं, फेविकॉलनं.

मी मोबाइलवर फोटो काढून दादासोंना दाखवले. त्यांनी मोरी नीट बघितली. बोटांनी फोटो मोठा करून नळही बघितला. शिवतेजकडं बघून, नाक जरा मोठं झालंय, एवढंच म्हणाले. मग मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"समदं दिलं," दादासो म्हणाले. "इचारलं न्हाई."

"मी विचारायलाच तर आलोय," मी म्हटलं.

"तुजी भिंत हाय व्हय रं?"

हा निरोप मी तात्यांना शब्दाशब्द सांगितला. काकी भाजी निवडत होत्या, त्यांनी वर बघितलं. आता प्रश्न अगदी उघडा होता. मोरी करायला तात्यांचे हात तयार होते, झाड लावायला तयार होते. फक्त बाहेर जाऊन धाकट्या भावाला तोंडानं 'करू का?' म्हणायचं, तेवढं एक काम त्यांच्या स्टोअरमध्ये शिल्लक नव्हतं. नोकरीत ते वरच्यांचा हुकूम घेत आले आणि खालच्यांना देत आले. विचारणं मधे कुठं बसतं ते त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं.

त्यांनी भिंतीला वळसा घालायचे आणखी दोन-तीन मार्ग करून बघितले. एकदा लाइन खिडकीच्या आपल्या दारातून बाहेर काढून ओट्यावरून वळवली. मांजर आडवं आलं, आणि डबे गटारात. एकदा रूळ चढावर टाकून वरच्या फळीवर फिरवले. इंजिन चढाला उभं राहून गुंगुं करत राहिलं आणि तापल्याचा वास आला. त्यानंतर तात्या नुसते स्टेशनच्या बारीकसारीक कामात गुंतले. फलाटावरचे बाक किती लांब, पाटीवरचं अक्षर किती उंच, हे अंदाजानं केलं होतं, ते त्यांना खुपायला लागलं. म्हणून एका संध्याकाळी तोंडाला टॉवेल बांधून आम्ही दोघं खऱ्या स्टेशनवर गेलो. टेपचं एक टोक माझ्याकडं.

स्टेशनवर सामसूम. प्रवासी गाड्या बंद, नुसत्या मालगाड्या चालू. ड्यूटीवर स्टेशनमास्तर त्रिशला मॅडम होत्या, सांगलीकडच्या. महिनोन् महिने त्यांना मालगाडी सोडून कुणी भेटलेलं नव्हतं, त्यामुळं बाक मोजायला आलेल्या माणसांचंही त्यांना अप्रूप वाटलं. लांबूनच, पण चौकशी केली. तात्यांनी आपण आंबेखोप स्टेशन करतो आहोत असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मग मला पण करा, नुसत्या पुरुषांचं स्टेशन नको. तात्यांनी लिहून घेतल्यासारखी मान हलवली.

तेवढ्यात आत घंटी झाली. मॅडमनी फोन उचलला आणि पुढच्या स्टेशनला विचारलं, लाइन मोकळी आहे का. तिकडून काहीतरी सांगितलं गेलं. मॅडमनी फोन ठेवला आणि सिग्नल दिलाच नाही. मालगाडी येऊन फलाटाला उभी राहिली आणि धापा टाकत तशीच थांबली. मैलभर लांब गाडी, पुढं रिकामी लाइन, आणि थांबलेली.

तात्या बाक मोजायचे थांबले. त्यांनी विचारलं, "तीच लाइन, रोजच्याच गाड्या. तरी दर वेळंला इचारावं लागतं?"

"दर वेळेला, काका. नुसतं रिकामं इंजिन असलं तरी."

"आणि फुडचा न्हाई म्हणला तर?"

"तर गाडी थांबते. थांबलीय बघा."

"फुडचा तुमच्यापेक्षा ज्युनियर असला तरी?"

मॅडमना हा प्रश्न कशासाठी आहे ते कळलं नाही. "त्याचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "लाइन त्याच्याकडं आहे ना."

बऱ्याच वेळानं पुन्हा घंटी झाली, मॅडमनी पुन्हा विचारलं, आणि गाडी गेली. तात्या तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभे होते. येताना आम्ही बाकांची लांबी घ्यायची विसरलो, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. तात्यांना मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. काकींनी विचारलं, कुठं निघाला? सगळीकडं तर बंदी आहे. तात्या म्हणाले, लांब न्हाई. आणि ते आपल्या दारातून बाहेर आले, ओट्यावरून चार पावलं चालले आणि दादासोंच्या दारासमोर उभे राहिले. मी समोर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पुण्याला मीटिंग चालू होती, मी आवाज बंद केला.

दादासो पायरीवर बसून मोटारीच्या पाइपला रबर गुंडाळत होते. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

तात्या म्हणाले, "दादासो, भिंतीला दोन भोकं पाडायची हायती. पाडू का?"

दादासोंनी रबराचा एक वेढा घेतला. "केवढी?"

"चार बोटं रुंद. सा बोटं उंच. इंजन जाईल एवढी."

आणखी एक वेढा. "आणि न्हाई म्हणलो तर?"

"तर न्हाई."

"मग तुजी रेल्वे?"

"हाय तितं थांबंल."

दादासोंच्या हातातलं रबर संपलं. त्यांनी टोक दातानं तोडलं, गाठ मारली, पाइप हलवून बघितला. मग म्हणाले, "इचार करून सांगतो."

तात्यांनी मान हलवली, मागं फिरले आणि चार पावलं चालून घरात गेले. मीटिंगमध्ये मला कुणीतरी दोनदा हाक मारली होती, असं नंतर कळलं.

दादासोंनी विचार केला. आज करतील, उद्या करतील असं गल्लीला वाटत होतं, पण त्यांनी सावकाश, उसाला पाणी द्यावं तसा, एकेक सरी भरून विचार केला. मधल्या दिवसांत तात्यांनी भिंतीला हात लावला नाही, मला पाठवलं नाही, आठवण केली नाही. त्यांनी कणकेची त्रिशला मॅडम केली, तिला हातात फोन दिला. कणकेचं पिवळेपण झाकायला जांभळी साडी रंगवली. काकींनी एकदा विचारलं, मी जाऊन बघू का हौसाक्काकडं? हौसाक्का म्हणजे दादासोंची बायको. जावा जावा मागल्या दारी बोलतातच, भिंत मागल्या दारापर्यंत गेलेली नाही. तात्या नको म्हणाले. वर हेही म्हणाले की, लाइन तिकडं आहे. काकींना काही कळलं नाही, पण राग आला की त्यांच्या भाजीत मीठ जास्त पडतं, ते त्या दिवशी बरोबर पडलं.

मग एका दुपारी भिंतीतून ठोके ऐकू आले.

छिन्नी-हातोडा. पलीकडून. दादासोंच्या बाजूला गिलावा नसल्यामुळं विटेचा सांधा धरून काम सरळ चाललं होतं. आम्ही सगळे तात्यांच्या सोप्यात जमलो, तोंड झाकून. पिस्ता रंगाचा एक पोपडा उडाला, मग गिलाव्याला तडा गेला, आणि छिन्नीचं टोक बाहेर आलं. थोड्या वेळानं भोक पूर्ण झालं. तात्यांनी पट्टी लावून बघितली. चार बोटं रुंद, सहा बोटं उंच. एक केस इकडं तिकडं नाही.

फक्त ते टेबलाच्या एक वीत खाली होतं.

भोक केवढं पाडायचं ते तात्यांनी सांगितलं होतं. कुठं पाडायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि दादासोंनी विचारलं नव्हतं. आमच्यात उभा असलेला शिवतेज भोकातून बापाला म्हणाला, आण्णा, चुकलं की, वर घ्यायला पाहिजे हुतं. पलीकडचे ठोके थांबले. भोकातून दादासोंचा गुडघा दिसत होता. तो हलत नव्हता.

सगळे तात्यांकडं बघायला लागले. चपलेची टाच भिंतीपासून हललेलीही ज्याला खपत नाही असा हा माणूस. ते भोकापाशी वाकले.

"बरोबर हाय," तात्या म्हणाले. "दुसरं ह्येच्याच रेषेत घे."

आणि संध्याकाळी त्यांनी करवत काढून सागवानी टेबलाचे पाय कापले. चारही, एकेक वीत. कापताना टेबलावरचा ऊस हलत होता आणि फाटकावरचा शिवतेज दोनदा पडला, पण टेबल शेवटी भोकाच्या पातळीला आलं. आता त्या टेबलाशी काम करायचं तर गुडघे टेकावे लागतात. सुतार अजून ते टेबल बघून तोंड फिरवतो.

पुढचे दोन दिवस रूळ पलीकडं गेले. तात्या एक तुकडा भोकातून आत धरायचे, पलीकडून एक हात यायचा आणि तो घेऊन जायचा. हात दिसायचा, माणूस दिसायचा नाही. वाकडे संपले की वाकडे द्या म्हणून शिवतेज सांगायचा. पलीकडं टेबलाच्या जागी दोन बाकांवर ठेवलेली फळी होती. ऊस, झाडं, खडी काही पाठवू का, असं तात्यांनी शिवतेजकडून विचारून घेतलं. उत्तर आलं, माझ्या बाजूला काय लावायचं ते मी बघीन. तात्यांनी ठीक आहे म्हटलं आणि उरलेला ऊस परत डब्यात ठेवला.

गाडी सुटायची त्या दिवशी तात्यांच्या सोप्यात जमेल तेवढी गल्ली अंतर राखून उभी होती. भरतेश शटर पूर्ण खाली ओढून आला होता, हे लॉकडाऊनमधलं त्याचं पहिलं पूर्ण बंद. तात्यांनी रूळ फडक्यानं पुसले, डबे जोडले, काळ्या पेटीची पिन बोर्डात घातली. मग बटणाला हात लावायच्या आधी ते भिंतीशी सरकले आणि भोकाला तोंड लावलं.

"दादासो, गाडी सोडू का?"

पलीकडून आवाज आला, "थांब."

तात्या थांबले.

का थांबायचं ते कुणी सांगितलं नाही. पलीकडं फळी सरकवल्याचा आवाज आला, मग केरसुणीचा, मग बराच वेळ कसलाच नाही. काकी आत जाऊन दूध उतरवून आल्या. पोरांनी चुळबुळ केली. भरतेशला दुकानाची आठवण झाली. तो म्हणाला, तात्या, नुसतं बटण फिरवा की, कोण अडीवतंय? गाडी आपली, वीज आपली.

"लाइन त्येच्याकडं हाय," तात्या म्हणाले, आणि बटणावरचा हातही काढून घेतला.

मग पलीकडून आलं, "सोड."

तात्यांनी बटण फिरवलं. इंजिन निघालं, स्टेशन सोडलं, उसाच्या बाजूनं गेलं, फाटकावरच्या शिवतेजला मागं टाकलं आणि चारही डबे ओढत भिंतीत शिरलं. शेवटचा डबा दिसेनासा झाला. आम्ही सगळ्यांनी माना दुसऱ्या भोकाकडं वळवल्या. गाडी तिथून बाहेर यायला पाहिजे होती.

आली नाही.

आम्ही थांबलो. पलीकडून चाकांचा बारीक आवाज येत होता, पण तो एकाच जागेवरून. आमच्या बाजूला उभा असलेला शिवतेज भोकातून बघायला वाकला, तर त्याला दादासोंचं एक बोट दिसलं. इंजिनाच्या तोंडाला लावलेलं. दादासो गुडघ्यावर बसून, गाल फळीला टेकवून, डब्यांच्या खिडक्यांतून आत बघत होते. त्यांच्या फळीवर रुळाच्या दोन्ही बाजूला ओली काळी माती पसरलेली होती, सऱ्या पाडलेल्या. अजून काही लावलेलं नव्हतं.

तात्यांनी, काय झालं, पडली का, असं काहीच विचारलं नाही. गुडघे टेकूनच होते. थोड्या वेळानं पलीकडून दादासो बोलले, भोकाच्या जवळ येऊन.

"तात्या, तिकडं सोडू का?"

तात्यांनी आपल्या बाजूची लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. ती मोकळी होती. ती त्यांनी पुन्हा एकदा, स्टेशन, ऊस, फाटक, अशी नीट बघून घेतली, आणि मग सांगितलं, "सोड."